पुराचा इशारा आणि दावणीची जनावरे



२२ जुलै २०२३ रोजी आपल्या संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. सातपुड्याचे पाणी वेगाने उतरले, शेते खरडून गेली. अशा वेळी इशारा मिळूनही काही जण घर सोडत नाहीत. आपण त्यांना हट्टी म्हणतो. पण खरे कारण दावणीला बांधलेले असते. बैलजोडी, दुभती म्हैस टाकून कोण निघेल? शिवाय ‘मागच्या पुरात पाणी ओट्यापर्यंतच आले होते’ हा भरवसा असतो. प्रत्येक पूर मागच्यासारखा नसतो.

ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे १० लाख लोक हलविले. मृत्यू पन्नासच्या आत राहिले.

आम्ही ‘घर सोडा’ एवढेच सांगतो. जनावरांचे काय, ते सांगत नाही. म्हणून मृगापूर्वीच गावाने जनावरांसाठी उंच जागा व चाऱ्याची सोय ठरवावी. म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, हेही ठरवावे. सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. इशारा मिळताच जनावरे हलवावीत. वेळ नसेल तर दावे कापून निघावे. मोकळे जनावर पोहू शकते, बांधलेले बुडते. बैल पुन्हा घेता येईल. घरधनी पुन्हा आणता येणार नाही.