आढावा उद्योगाचा, सहभाग कामगारांचा



एखादा मोठा उद्योग अडचणीत सापडला म्हणजे त्याचा सारा कारभार मुळापासून तपासावा लागतो. कोणता माल काढावयाचा, कोणता बंद करावयाचा, खर्च कोठे वाढला, ग्राहक का दुरावला, पुढील काही वर्षांत कोणत्या दिशेने जावयाचे, या सर्व प्रश्नांचा एकत्रित विचार म्हणजे उद्योगाचा धोरणविषयक फेरआढावा होय. बहुतेक ठिकाणी हा आढावा मुख्य कचेरीत होतो आणि त्याचे निर्णय परिपत्रकांच्या रूपाने खाली येतात. यंत्रावर उभा राहणारा कामगार, भांडारातील कारकून आणि गावोगाव हिंडणारा विक्री प्रतिनिधी यांच्या वाट्याला अंमलबजावणी तेवढी येते. ज्यांच्या हातून हे निर्णय पार पडावयाचे, त्यांना विचारविनिमयात स्थान असावे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

या पट्ट्याच्या औद्योगिक जीवनाचा आरंभ १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर या भागातील कारखानदारीला वेग आला. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘टेल्को’, १९६६ मध्ये पुण्याजवळ आली. आकुर्डीस बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे बजाज ऑटोने १९९९ मध्ये चाकणला कारखाना सुरू केला आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखानाही तेथे सुरू झाला. भुईमूग आणि कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांतील तरुण या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाले आणि कुशल कारागीर बनले.

टेल्कोच्या पुणे येथील कारखान्याची उभारणी सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली झाली. तेथे आरंभी यंत्रे व हत्यारे तयार करणारा विभाग आणि प्रशिक्षण यांवर भर देण्यात आला. पहिले व्यापारी वाहन या कारखान्यातून बाहेर पडले ते १९७७ मध्ये. गाडी घडविण्यापूर्वी गाडी घडविणारा माणूस घडवावा, असा हा क्रम होता. परंतु मनुष्यबळ कुशल असले म्हणजे परस्परविश्वास आपोआप निर्माण होतो, असे नाही. १९८९ मध्ये याच कारखान्यातील तंटा विकोपास गेला आणि कामगारांनी पुण्याच्या शनिवारवाड्यावर उपोषण आरंभिले. त्या संघर्षात कोणाची बाजू किती न्याय्य होती, हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. संवाद तुटला म्हणजे कुटुंब, कारखाना आणि शहर या तिघांनाही त्याची झळ पोहोचते, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

त्यानंतर सुमारे एका तपाने या कंपनीवर आर्थिक संकट कोसळले. प्रवासी मोटारीच्या निर्मितीत मोठी गुंतवणूक झाली होती. पिंपरीत तयार होणारी ‘इंडिका’ १९९८ च्या अखेरीस लोकांसमोर आली होती. त्याच सुमारास मालमोटारींची मागणी घसरली. परिणामी २०००-०१ या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. अनेक वर्षे नफ्याची सवय असलेल्या संस्थेला हा मोठाच धक्का होता.

या प्रसंगी हाती घेण्यात आलेला फेरआढावा अभ्यासण्यासारखा आहे. व्यापारी वाहन विभागाची सूत्रे रवी कांत यांच्याकडे होती. प्रथम तोटा थांबवावयाचा, नंतर देशातील बाजारपेठेत पाय घट्ट रोवावयाचे आणि मग देशाबाहेर विस्तार करावयाचा, असा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आखण्यात आला. खर्चाच्या प्रत्येक बाबीची छाननी झाली. तरुण अधिकाऱ्यांचे गट स्थापून त्यांच्यावर जबाबदारी सोपविण्यात आली. २००१-०२ मध्ये तोटा बराच खाली आला आणि २००२-०३ मध्ये कंपनीने सुमारे ३०० कोटी रुपयांचा नफा नोंदविला. २००३ मध्ये कंपनीने टाटा मोटर्स हे नाव धारण केले.

याच आढाव्यातून एक नवी दिशा सापडली. मोठ्या मालमोटारींच्या धंद्यात चढउतार फार, मग लहान वाहनाचा विचार का करू नये, असा प्रश्न पुढे आला. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने तीनचाकी टेम्पो चालविणाऱ्यांना गाठून त्यांच्या गरजा जाणून घेतल्या. चारचाकी वाहन दाराशी असते तर गावात लग्नासाठी चांगले स्थळ मिळाले असते, असेही एका तरुणाने सांगितल्याची नोंद आहे. वाहनाची किंमत आणि भारवाहनक्षमता यांच्या पलीकडे मालकाची प्रतिष्ठा हीसुद्धा एक गरज असते, हे कचेरीत बसून कोणास उमगले नसते. इंडिकाच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाच्या आधारे दोन सिलिंडरांचे सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे इंजिन तयार करण्यात आले. मे २००५ मध्ये ‘एस’ हे छोटे मालवाहू वाहन बाजारात आले आणि आरंभी त्याचे उत्पादन पुण्याच्याच कारखान्यात झाले. भाजीपाला, दुधाच्या किटल्या, गॅसच्या टाक्या वाहून नेणारे हे वाहन आज महाराष्ट्राच्या कोणत्याही बाजारगावात दिसते.

परदेशातील एका विमान कंपनीचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स ही कंपनी तोट्यात असताना १९८१ मध्ये यान कार्लझोन यांनी तिची सूत्रे घेतली. त्यांनी कंपनीची स्थिती व नवे धोरण सोप्या भाषेत मांडणारी एक छोटी पुस्तिका सुमारे २०,००० कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. तिकीट खिडकीवरील कर्मचाऱ्याने प्रवाशाची अडचण तेथल्या तेथे सोडवावी, वरिष्ठांच्या परवानगीसाठी त्याला ताटकळत ठेवू नये, असा अधिकारही दिला. वर्षभरात कंपनी नफ्यात आली. खरी माहिती आणि तिच्या जोडीला थोडा अधिकार, ही त्या प्रयोगाची दोन सूत्रे होती.

आपल्या देशात सहभागाचा विचार कायद्यालाही अपरिचित नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने शंभर वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी कार्य समितीची तरतूद केली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांत विभागवार परिषदा व संयुक्त परिषदा स्थापण्याची योजना जाहीर केली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात ४३-अ हा अनुच्छेद घातला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे एक निदेशक तत्त्व झाले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कार्य समितीला स्थान आहे. मात्र समित्यांपुढे उपाहारगृह, गणवेश आणि पाणी एवढेच विषय येत राहिले आणि उत्पादनाचे धोरण दाराबाहेरच राहिले, तर तो सहभाग कागदावरचा ठरतो. साचा बदलण्यास किती वेळ लागतो, पत्रा कापताना किती तुकडे वाया जातात, कोणता सुटा भाग वारंवार नाकारला जातो, हे त्या कामावरील माणसाइतके कोणीच जाणत नाही. त्याला विचारण्यात उपकार नाही, व्यवहार आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे पाहिली पाहिजे. फेरआढाव्यामागोमाग पुष्कळदा स्वेच्छानिवृत्तीची योजना येते. टेल्कोतही त्या काळात मनुष्यबळ कमी झाले. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. काम वाचविण्याची युक्ती सांगणाऱ्याचेच काम जाणार असेल, तर युक्ती कोण सांगेल? म्हणून सूचना मागविण्यापूर्वी तिच्यामुळे कोणाची भाकर जाणार नाही, अशी हमी द्यावयास हवी, आणि ती देता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावयास हवे. बचतीतील वाटा हा प्रश्नही टाळता येत नाही. २०१३ च्या पावसाळ्यात चाकण येथील बजाज कारखान्यात सुमारे ५० दिवस संप चालला. प्रत्येकी एक रुपया दराने कंपनीचे ५०० भाग कामगारांना मिळावेत, अशी मागणी त्यात होती. ती मान्य झाली नाही; परंतु यंत्रावरील माणूस उद्योगाच्या भवितव्यात स्वतःला भागीदार समजू इच्छितो, हे तिने दाखवून दिले. या पट्ट्यात कंत्राटी कामगार आणि प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने काम करतात. कायम कामगारांपुरताच सहभाग ठेवला, तर कारखान्याचा बराच मोठा भाग मुकाच राहील.

हा विषय केवळ कारखानदारांचा नाही. शाळेचा आराखडा मुख्याध्यापकांनी एकट्याने लिहिला, पंचायतीचा विकास आराखडा ग्रामसेवकाने कचेरीत पुरा केला आणि ग्रामसभेत तो केवळ वाचून दाखविला, तर तेथेही हेच घडते. जिल्हा कचेरीतील आढावा बैठकीत आकडे सादर होतात. शेवटच्या टेबलावरील लिपिकाला मात्र अडचण कोठे आहे, हे कोणी विचारत नाही. जमाखर्चाची खरी स्थिती आधी सर्वांपुढे ठेवणे, निर्णय होण्यापूर्वी विचारणे, आणि जी सूचना स्वीकारली नाही तिचे कारण सांगणाऱ्याला कळविणे, या तीन गोष्टी कोणत्याही संस्थेला करता येतील. त्यांना मोठा खर्च लागत नाही. यांपैकी तिसरी गोष्ट बहुधा विसरली जाते. एकदा उत्तर मिळाले नाही, की पुढच्या वेळी माणूस तोंड उघडत नाही. आणि मग संस्थेला आपल्या दोषांची वार्ता कळते ती तोट्याच्या आकड्यांतून किंवा संपाच्या घोषणांतून. त्याआधीच ती कळावी, यासाठी फेरआढाव्याचे दार अगदी शेवटच्या माणसापर्यंत उघडे ठेवणे, हे व्यवस्थापनाचे आणि प्रशासनाचेही कर्तव्य आहे.