मांटू निगेटिव्ह, तरी डोळा लाल



नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-देगलूरकडचा रुग्ण विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येतो, लातूर जिल्ह्यातल्या निलंगा-औशाकडचा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत. तक्रार तीच: डोळा लाल, दुखतो, धूसर दिसते. स्लिट लॅम्पखाली कॉर्नियाच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला मटणाच्या चरबीच्या थेंबांसारखे जाडसर ठिपके दिसतात. पहिली शंका क्षयाची येते, आणि ती रास्त आहे. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतातच आहेत. पण तसेच ठिपके सार्कॉइडोसिसमध्येही पडतात.

या आजारात प्रतिकारपेशींचे वागणे विलक्षण असते. कारण ठरवणारा घटक अजून सापडलेला नाही, तरी सीडी४ टी-पेशी डोळ्यात आणि फुप्फुसात गर्दी करतात, मॅक्रोफेजना चेतवतात आणि त्यातून ग्रॅन्युलोमा, म्हणजे बारीक गाठी तयार होतात. क्षयाच्या गाठी मधून सडतात, या सहसा सडत नाहीत. याच वेळी रक्तात लिम्फोसाइट कमी झालेले आढळतात आणि मांटूची, म्हणजे क्षयाच्या त्वचाचाचणीची, सुई टोचली तरी कातडीवर गाठ उठत नाही. जिथे जन्मतःच बीसीजी दिली जाते आणि क्षयाचा संसर्ग घरोघरी पोचलेला आहे, तिथे अशी कोरी कातडी हाच एक पुरावा ठरतो. आमच्या स्वागत समितीच्या मते मराठवाड्यात निगेटिव्ह मांटूकडे याच नजरेने पाहायला हवे.

डोळ्याच्या सार्कॉइडोसिसवरची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा २००६ मध्ये टोकियोत झाली. तिचे निकष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुधारित निकषांत रक्तातले कमी लिम्फोसाइट आणि फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातले सीडी४-सीडी८ प्रमाण ३.५ पेक्षा जास्त, या दोन्ही गोष्टी आल्या. जपानी डॉक्टरांनी डोळ्यातल्या व्हिट्रियसमध्येही हे प्रमाण मोजून पाहिले आहे.

उपचारात चूक महागात पडते. सार्कॉइडोसिसला क्षय समजले तर रुग्ण महिनोन्‌महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, गिळतो. उलट झाले, तर दबलेला क्षय स्टेरॉइडने उफाळतो. अडालिमुमॅब या औषधाच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी: ते टीएनएफ या ज्या दाहक घटकाला अडवते, तोच या गाठी टिकवतो आणि तोच शरीरात झोपलेल्या क्षयजंतूला कोंडून ठेवतो.

म्हणून एक विनंती. एकेटी किंवा तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड लिहिण्यापूर्वी छातीचा सीटी, मांटू आणि इग्रा ही क्षयाची रक्तचाचणी पाहावी, डोळ्याच्या आणि छातीच्या डॉक्टरांनी ते रिपोर्ट एकत्र बसून वाचावेत. आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या अशा रुग्णांची सामाईक नोंद ठेवण्याचा ठराव आज याच सभागृहात व्हावा.