विज्ञानाची ओढ असलेल्या लेकरासाठी शाळा निवडताना

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यात विहाराच्या अभ्यासिकेतर्फे केलेले भाषण)



आम्ही अभ्यासिकेची मंडळी. आम्ही काही मोठे शिक्षणतज्ज्ञ नाही. कोणी नोकरी करतो, कोणी दुकान सांभाळतो, कोणी शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी इथे मुलांचा अभ्यास घेतो. पण दरवर्षी निकाल लागले की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. आई मुलीचा हात धरून येते आणि म्हणते, “सर, पोरगी सारखी मशीन खोलून पाहते, ताऱ्यांबद्दल विचारते. हिले कोणत्या शाळेत टाकाचं? आमच्याजवळ पैसे तर नाहीत.” आज त्याच प्रश्नावर बोलायचे आम्ही ठरवले आहे. पैसे न भरता किंवा अगदी थोड्या पैशांत, सरकारी नाही तर अनुदानित शाळेत, विज्ञानाची आवड असलेल्या लेकराचे नीट होऊ शकते का? आमचे उत्तर ‘होऊ शकते’ असे आहे. मात्र शाळा डोळे उघडे ठेवून निवडावी लागते, आणि माहिती वेळेवर असावी लागते.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आपल्या वस्तीतल्या एका कुटुंबातील मुलाला आरटीईतून एका खाजगी इंग्रजी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला. आम्हीच अर्ज भरून दिला होता. पेढे वाटले. मुलगा हुशार होता, विज्ञानात तर फारच. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे, ही गोष्ट ना आईवडिलांच्या ध्यानात होती, ना आम्ही त्यांना सांगितली. आठवी संपली आणि नववीच्या फीचा कागद हाती पडला. वडील बांधकामावर मिस्त्री. एक वर्ष उसनवारीने ढकलले, दुसऱ्या वर्षी ते जमले नाही. दहावीच्या तोंडावर मुलाला शाळा बदलावी लागली. पुस्तके बदलली, बोर्ड बदलले. तो कसाबसा पास झाला. आज तो काम करतो, पण विज्ञानाकडे गेला नाही. आरटीईत जाऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. जरूर जा. पण प्रवेश घेतानाच नववीचा विचार करून ठेवा. चौथी-पाचवीपासूनच पुढची शाळा कोणती, हे डोक्यात असू द्या.

त्या मुलाचे आणखी एक नुकसान झाले, ते आम्हाला फार उशिरा कळले. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. ती पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. पण ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला तिथे बसताच येत नाही. म्हणजे ज्या महापालिकेच्या शाळेला आपण नाक मुरडतो, तिथल्या मुलाला जो हक्क आहे तो या मुलाला नव्हता.

आता आपल्यापुढे कोणकोणते रस्ते आहेत ते पाहू.

पहिला रस्ता नवोदय विद्यालयाचा. १९८५-८६ साली देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. त्यातले एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या विदर्भात, अमरावतीला. आपल्या नागपूर जिल्ह्याचे नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे आहे. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, सहावीत प्रवेश. जास्तीत जास्त ८० मुले घेतात. परीक्षेत मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात आणि ती मराठीतून देता येते. राहणे, जेवण, पुस्तके सगळे मोफत. नववीपासून महिन्याला विकास निधी घेतात, पण अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना, सर्व मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना तोही माफ आहे. केंद्रीय बोर्ड असल्याने एनसीईआरटीची पुस्तके असतात, आणि नीट, जेईईची तयारी त्याच पुस्तकांवर उभी राहते.

इथेही आमची एक चूक झाली होती. एका ताईंना आम्ही ठामपणे सांगितले, “नवोदय खेड्यातल्या मुलांसाठी आहे, आपण शहरातले, आपले तिथे जमत नाही.” हे खोटे आहे. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, उरलेल्या जागांवर शहरातल्या मुलांनाही संधी असते. ताईंच्या मुलीचे पाचवीचे वर्ष आमच्या त्या एका वाक्याने गेले. ही परीक्षा एकदाच देता येते, म्हणून दुसऱ्या वर्षी काही करता आले नाही. नंतर समजले की रिकाम्या जागा असल्या तर आठवीतल्या मुलांची परीक्षा घेऊन नववीत प्रवेश देतात. तिने ती दिली. गणित, विज्ञान, इंग्रजी आणि हिंदी. त्या खेपेला जागा मोजक्याच होत्या, तिचा नंबर लागला नाही. ती मुलगी आज समोर बसलेली आहे. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

दुसरा रस्ता केंद्रीय विद्यालयाचा. नागपुरात अजनी, वायुसेना नगर, अंबाझरी अशा ठिकाणी केंद्रीय विद्यालये आहेत. पण तिथे बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना पहिला मान असतो. रेल्वेत, आयुध निर्माणीत, टपाल खात्यात असलेल्या आपल्या बांधवांनी तो हक्क सोडू नये. इतरांनी अकरावीच्या वेळी रिकाम्या जागांची चौकशी जरूर करावी, दहावीच्या गुणांवर तिथे प्रवेश मिळू शकतो.

तिसरा रस्ता सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय निवासी शाळांचा. या मुख्यतः अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी काढलेल्या आहेत आणि साधारणपणे सहावीपासून दहावीपर्यंत असतात. ज्या घरात दोन खोल्यांत सात माणसे राहतात, तिथल्या मुलाला रात्री वाचायला स्वतंत्र टेबल मिळणे हीदेखील मोठी गोष्ट आहे.

चौथा रस्ता महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांचा. आपली बहुसंख्य मुले याच रस्त्याने जाणार, म्हणून इथे जरा थांबून बोलू.

या शाळांबद्दल लोक दोनच वाक्ये बोलतात. एक म्हणजे “सरकारी शाळेत काही नाही”, आणि दुसरे, “शाळा कोणतीही चालते, पोरगं हुशार पाहिजे.” दोन्ही वाक्ये आळसाची आहेत. एकाच वॉर्डातल्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रवेशाच्या आधी एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण शाळेत जा. काय पाहायचे, ते सांगतो.

एक, प्रयोगशाळा पाहा. नुसती खोली आहे का असे विचारू नका. खोली असते, तिला कुलूपही असते. आत जाऊन परीक्षानळ्यांवर धूळ किती आहे ते पाहा. नववी-दहावीच्या एखाद्या मुलाला हळूच विचारा, “बाळा, यंदा तू स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला?” राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगवही फळ्यावरून उतरवून ते वीस गुण मिळतीलही, पण ज्याला विज्ञानच करायचे आहे त्याचा हात कोरा राहतो.

दोन, शिक्षक कोण आहेत ते विचारा. आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवणारे बी.एस्सी. झालेले शिक्षक आहेत का? की जागा रिकामी आहे आणि दुसऱ्याच विषयाचे सर वेळ मारून नेतात? हे विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे. नम्रपणे विचारा, पण विचारा.

तीन, माध्यम. बऱ्याच मराठी शाळांत सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. अकरावीला विज्ञान शाखेत शिकवणे इंग्रजीतूनच होते. तेव्हा आम्ल म्हणजे ॲसिड आणि त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन हे एकाएकी अंगावर येते आणि चांगली चांगली मुले गांगरतात. म्हणून घराजवळ चांगली सेमी-इंग्रजी शाळा असेल तर ती घ्या. नसेल तर घाबरू नका. नीट आणि जेईई मेन या परीक्षा आता मराठीतूनही देता येतात. आणि अभ्यासिकेत आपण आठवीपासून मराठी-इंग्रजी शब्दांची वही करून घेतो.

चार, शाळा मुलांना बाहेर पाठवते का? ‘इन्स्पायर मानक’ योजनेत शाळेने मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात, निवड झाली तर वस्तू बनवायला १०,००० रुपये मिळतात. शाळेने मागच्या वर्षी कोणाचे नाव पाठवले होते ते विचारा. एनएमएमएसला किती मुले बसवली, ते विचारा. आपल्या नागपुरात ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ भरतो. महापालिका आणि ‘असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन’ ही संस्था मिळून तो भरवतात. त्यात महापालिका शाळांची मुले साध्यासुध्या, घरातल्या वस्तूंतून प्रयोग करून दाखवतात आणि येणाऱ्या माणसाला समजावून सांगतात. ज्या शाळेची मुले तिथे उभी असतात, ती शाळा जिवंत आहे असे खुशाल समजा.

पाच, आणि हे आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, फळ्यापाशी कोणाला बोलावतात ते पाहा. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, म्हणून आज राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढे मुंबईत ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. तेही सरकारी हायस्कूल. तिथे एकदा मास्तरांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते, ते विटाळतील म्हणून मुले धावली. डबे हलवले गेले, आणि मग बाबासाहेब फळ्यापाशी गेले. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. वडील रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. शाळा निर्दोष नव्हती, घर मोठे नव्हते. आज डबे कोणी पळवत नाही. पण मागच्या बाकावरच्या मुलाला वर्षभर एकदाही फळ्यापाशी न बोलावणे, मुलीने प्रश्न विचारला की वर्गाने हसणे, हे आजही घडते. ज्या शाळेत तुमच्या लेकराचा प्रश्न ऐकून घेतला जातो, ती शाळा दोन किलोमीटर लांब असली तरी चालेल. फक्त मुलीच्या जाण्या-येण्याची सोय आधी पाहून घ्या, कारण रस्त्याच्या भीतीने सुटलेल्या शाळाही आम्ही पाहिल्या आहेत.

अकरावीबद्दल थोडेसे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना मोठ्या नावामागे धावू नका. कॉलेज नावापुरते आणि दिवसभर क्लास, अशा ठिकाणी हजारो रुपये भरून मुलाने बारावीपर्यंत सूक्ष्मदर्शक हातात धरलेला नसतो. दीक्षाभूमीवरच्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयातही अकरावी-बारावी विज्ञान आहे, ते यादीत असू द्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला दहावीतच तयार ठेवा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी करा.

आणि सगळेच ओझे शाळेवर टाकू नका. गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून उभे आहे. ज्या सी. व्ही. रमण यांचे नाव त्याला दिले, ते तरुणपणी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरातच होते. नोकरी सांभाळून त्यांनी संशोधन केले. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना तिथे नेले? सिनेमाला नेतो तसे वर्षातून एकदा तिथेही न्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्या दिवशी अभ्यासिकेतर्फे आम्ही मुलांना घेऊन जाणार आहोत.

आता त्या मुलीचे सांगतो. नवोदय हुकले. आईने आमच्यावर राग धरला नाही, पण आम्हाला स्वतःची लाज वाटली. मग आम्ही तिच्यासोबत तीन शाळा पाहिल्या. एकीत प्रयोगशाळेची किल्लीच सापडेना. दुसरीत गणिताच्या सरांची जागा रिकामी होती. तिसरी जुनी इमारत, छत गळके, पण विज्ञानाच्या बाईंनी मुलीला विचारले, “तुला काय पाहायचं आहे?” मुलगी म्हणाली, “कांद्याची साल.” बाईंनी तिथल्या तिथे काचपट्टी तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. आम्ही दुसरे काही पाहिलेच नाही. तिथेच नाव घातले. एनएमएमएसमध्ये तिची निवड झाली. आता ती अकरावी विज्ञानला आहे आणि रविवारी आपल्याच अभ्यासिकेत सातवीच्या मुलांना शिकवते.

तिचे भले झाले म्हणून आमची चूक पुसली जात नाही. पुन्हा कोणाचे वर्ष आमच्या अज्ञानामुळे जाऊ नये, म्हणून अभ्यासिकेने ठरवले आहे की दर रविवारी सकाळी वंदनेनंतर एक तास शाळा-प्रवेशाची माहिती देण्यात येईल. नवोदय, एनएमएमएस, आरटीई, शिष्यवृत्ती या सर्वांच्या तारखा फळ्यावर लिहिल्या जातील. कोणी विचारो न विचारो, त्या तिथे असतील. ज्यांची मुले चौथी-पाचवीत आणि सातवी-आठवीत आहेत, त्यांनी आजच वहीत नाव लिहून जावे. ज्यांची मुले शिकून मोठी झाली आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार आम्हाला द्यावा.