पोरांची पुस्तकं आणि माझा एक महिना

(वस्तीतल्या अभ्यासिकेत, वाचन-मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना जोडलं आहे.)

मित्रांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या पोरापोरींनो,

मी साहित्यिक नाही. मी सिक्युरिटीची रात्रपाळी करतो. गेटवरच्या केबिनमध्ये बारा तास. रात्री दोननंतर गाड्या येत नाहीत. मग मी असतो, डास असतात आणि कुत्री असतात. त्या केबिनमध्ये मागच्या महिन्यात मी पाच कादंबऱ्या वाचल्या. पाचही इंग्रजी, पाचही अमेरिकेतल्या, पाचही पोरांसाठी लिहिलेल्या. दोन फाउंटनच्या फुटपाथवरून उचलल्या, तीन एका प्राध्यापक मित्राकडून आणल्या. शेजारी डिक्शनरी. रोज चाळीस-पन्नास पानं. डोळे गेले, पण महिना फुकट गेला नाही.

कुणी म्हणेल, एवढी लढाई पडलीय, वस्तीवर बुलडोझरची टांगती तलवार आहे, आणि हा बाप्या पोरांची पुस्तकं वाचत बसलाय. मीही तसंच म्हणालो असतो. पण झालं असं की इथंच, ह्या लोखंडी कपाटापुढं, दहावीतल्या एका पोरीनं मला विचारलं, "काका, ह्यात माझ्यासारखीचं पुस्तक कुठलंय?" मी 'बलुतं' काढून दिलं. ती म्हणाली, "वाचलं. चांगलं आहे. पण तो माणूस मोठा झालाय आणि मागं वळून बघतोय. मी अजून मोठी झालेच नाही."

मी गप्प झालो. कारण पोरगी खरं बोलत होती. 1978 साली 'बलुतं' आलं, 1980 साली 'उपरा', 1984 साली 'अक्करमाशी'. आपलं बालपण आपण लिहिलं, मराठी साहित्याच्या कानाखाली आवाज काढला. पण ते लिहिलं मोठ्या माणसांनी, मोठ्या माणसांसाठी. जखम वाळल्यावर. जिची जखम आज ओली आहे, जी उद्या सकाळी त्याच शाळेत जाणार आहे, तिच्या हातात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी शोधायला निघालो, की बाबा, दुसरीकडं लोकांनी काय केलं?

तिकडं ह्या पुस्तकांना 'यंग ॲडल्ट' म्हणतात. म्हणजे ना पोर ना बाप्या. मिसरूड फुटतंय तो काळ. आपल्याकडं हा काळच नसतो. तेराव्या वर्षी पोरगं गॅरेजला लागतं, पोरगी धाकट्याला कडेवर घेते. बँकेच्या दारात तो लहान असतो, पोलिसाच्या दारात तोच मोठा. हा काळसुद्धा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं मिळतो, हे पहिलं मला कळलं.

पहिलं पुस्तक 'द आउटसायडर्स'. 1967 सालचं. एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं ओक्लाहोमातल्या टल्सा गावात पंधरा-सोळाव्या वर्षी लिहायला घेतलं, छापून आलं तेव्हा ती अठराची होती. बाई म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली! गावात दोन टोळ्या. एक गरिबांची, लांब केस, तेल लावलेले. दुसरी गाडीवाल्या श्रीमंतांची. गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईबाप अपघातात गेलेले, मोठा भाऊ वीस वर्षांचा, तोच घर चालवतो. मारामारीत एक श्रीमंत पोरगा मरतो आणि मग सगळंच कोसळतं. शेवटी कळतं, आपण जे वाचलं तो पोनीबॉयनं शाळेसाठी लिहिलेला निबंध आहे. मला हे फार आवडलं. वर्गात विषय दिला आणि पोरानं आपलं सगळं जगणं त्यात ओतलं. आपल्याकडं काय विषय देतात? 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस'. ज्याच्या झोपडीत पावसाळ्यातल्या त्या दिवशी गुडघाभर पाणी होतं, तोसुद्धा बेडूक, मोर आणि इंद्रधनुष्य लिहून दहापैकी सात मार्क घेतो. खोटं लिहायला आपण शाळेतच शिकतो.

पण ह्या पुस्तकातली गरिबी गोरी आहे. काळ्यांची वस्ती त्यात नाही. 1965 साली नॅन्सी लॅरिक ह्या बाईनं तिथल्या मासिकात लेख लिहिला, मुलांच्या पुस्तकांचं जग निव्वळ गोरं आहे म्हणून. तिनं तीन वर्षांतली पाच हजारांवर पुस्तकं तपासली होती. शंभरातल्या सातांतसुद्धा काळा माणूस दिसत नव्हता. आणि जिथं दिसत होता तिथंही बऱ्याचदा कोपऱ्यात.

ह्याला उत्तर म्हणून नव्हे, पण उत्तरासारखं वाटावं असं दुसरं पुस्तक. मिल्ड्रेड टेलर ह्या काळ्या लेखिकेचं, 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'. 1976 साली आलं, 1977 साली न्यूबेरी पदक मिळालं. काळ 1933, जागा मिसिसिपी. नऊ वर्षांची कॅसी सांगते. पहिल्याच प्रकरणात शाळेत पुस्तकं वाटतात. कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ पुस्तक उघडतो. आत एक तक्ता चिकटवलेला. कुठल्या साली दिलं, पुस्तकाची अवस्था कशी, घेणाऱ्या पोराचा वर्ण कुठला. अकरा वर्षं ते पुस्तक गोऱ्या पोरांनी वापरलं. नवं होतं, मग जुनं झालं, मग फाटलं. बाराव्या ओळीत अवस्था 'अत्यंत वाईट', आणि त्याच ओळीत पहिल्यांदा काळ्या पोराचा वर्ण. तो सहा वर्षांचा पोरगा ते पुस्तक खाली फेकतो आणि त्यावर पाय आपटतो. छड्या खातो. त्याची आई त्याच शाळेत मास्तरीण. ती काय करते? कागद आणि खळ घेते आणि तो तक्ता झाकून टाकते.

केबिनमध्ये मी पुस्तक मिटलं. दोन राउंड मारून आलो. कारण मला माझी चौथीतली पुस्तकं आठवली. वाड्यावरच्या पोराची उतरलेली. पहिल्या पानावर त्याचं नाव, त्याचं आडनाव. माझ्या बापानं त्या आडनावावर वर्तमानपत्राचा कागद डकवला होता. मला वाटायचं, बापाला कव्हर घालायची हौस आहे.

चौथं वाचलेलं पुस्तक इथंच सांगतो, कारण गाठ इथंच पडते. शर्मन ॲलेक्सीचं, 2007 सालचं, मूळ अमेरिकन आदिवासी पोराच्या डायरीचं. स्पोकेन लोकांच्या राखीव प्रदेशातला चौदा वर्षांचा आर्नल्ड. त्याला शाळेत भूमितीचं पुस्तक मिळतं. उघडतो तर आत त्याच्या आईचं नाव! आई मुलगी असताना ज्या पुस्तकातून शिकली तेच पुस्तक अजून चालू. तो ते भिरकावतो, लागतं मास्तराच्या नाकावर. आणि मग तोच मास्तर त्याला सांगतो, इथून निघून जा, नाहीतर संपशील. पोरगा बावीस मैलांवरच्या गोऱ्यांच्या शाळेत जातो. वस्ती म्हणते गद्दार. शाळा म्हणते परका.

बघा, एक मिसिसिपीतली काळी मुलं, एक वॉशिंग्टन राज्यातला आदिवासी पोरगा. मध्ये सत्तरेक वर्षं. आणि दोघांच्या गोष्टीची ठिणगी एकच, शाळेचं जुनं पुस्तक. व्यवस्था पोराला पहिल्यांदा भेटते ती पोलिसाच्या रूपात नाही. ती पाटी-पुस्तकाच्या रूपात भेटते.

तिसरं पुस्तक वॉल्टर डीन मायर्सचं, 'मॉन्स्टर'. 1999 सालचं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा सोळा वर्षांचा स्टीव्ह हार्मन. दुकानावर दरोडा पडला, दुकानदार मेला, आणि स्टीव्हवर आरोप की तू आधी आत जाऊन टेहळणी केलीस. तो कोठडीत आहे आणि सगळा खटला सिनेमाच्या पटकथेसारखा लिहितो आहे. सरकारी वकील त्याला राक्षस ठरवते. शेवटी तो सुटतो. आनंदानं आपल्या वकीलबाईला मिठी मारायला हात पसरतो आणि ती पाठ फिरवते. निर्दोष सुटलेल्या पोराकडं त्याचीच वकील बघू शकत नाही! आणि तो खरंच टेहळणीला गेला होता का, हे लेखक हातावर ठेवत नाही.

आता मी ते सांगतो जे सांगायला इथं उभा आहे. आपल्या अभ्यासिकेत अकरावीतला एक पोरगा यायचा. नाव घेत नाही. जयंतीच्या मिरवणुकीनंतर भांडण झालं आणि त्याला चौकीवर नेलं. दुसऱ्या रात्री सोडलं. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. परत आला तेव्हा आपण काय केलं? आपण, मोठ्या लोकांनी, विचारलं, "होतास का रे तू तिथं?" मीही विचारलं. ती वकीलबाई मीच होतो. पोरगं दोन दिवस आलं आणि यायचं थांबलं.

आपल्याकडं 2015 च्या कायद्यानं सोळा ते अठरातल्या पोरालाही गंभीर गुन्ह्यात मोठा धरून खटला चालवता येतो. कायदा सगळ्यांना सारखा. पण कुठल्या गल्लीतलं पोरगं लवकर मोठं धरलं जातं, हे मला सांगायला नको.

मी ते पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो. इंग्रजी त्याला जड. म्हणून मी ओट्यावर बसून गोष्ट सांगितली, तीन संध्याकाळी. शेवटी त्यानं विचारलं, "मग त्यानं केलं होतं का नव्हतं?" मी म्हणालो, "लेखकानं सांगितलं नाही." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुस्तक राहू द्या इथं." राहिलंय. मी परत मागितलेलं नाही.

पाचवं पुस्तक अँजी थॉमसचं, 'द हेट यू गिव्ह'. 2017 सालचं, पुढच्या वर्षी त्यावर सिनेमाही निघाला. सोळा वर्षांची स्टार. तिच्या डोळ्यांसमोर पोलीस तिच्या मित्राला, खलीलला, गोळी घालतो. गाडीत काय होतं? केस विंचरायचा ब्रश. स्टार राहते काळ्यांच्या वस्तीत, शिकते गोऱ्यांच्या महागड्या शाळेत. म्हणून तिच्याकडं दोन भाषा, दोन चाली. शाळेत वस्तीचा एक शब्द तोंडातून निसटू नये म्हणून ती सारखी स्वतःवर पहारा ठेवते. पोरींनो, हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. 'पानी' म्हटलं की वर्ग हसतो. 'पाणी' म्हणायला शिकलं की घरात आजी हसते. मधल्यामध्ये एका 'ण'साठी पोरगी मुकी होते. स्टार शेवटी तोंड उघडते. साक्ष देते. तरी पोलिसावर खटला चालत नाही. लेखिकेनं खोटा विजय दाखवलेला नाही. बोलणं म्हणजे जिंकणं नव्हे, पण न बोलणं म्हणजे नक्की हरणं, एवढंच.

ह्या पुस्तकात एक गोष्ट वाचून मी खुर्चीवरून उठलो. स्टारचा बाप पोरांकडून ब्लॅक पँथरचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतो. 1966 साली ओकलंडमध्ये निघालेला पक्ष, ज्याच्या नावावरून 1972 साली मुंबईत आपलं नाव ठेवलं गेलं. पन्नास वर्षांनी तिथली एक लेखिका तो कार्यक्रम पोरांच्या कादंबरीत आणते. आपल्या घराघरांत फोटो आहेत. 1973 चा आपला जाहीरनामा कुणाच्या पोराला माहीत आहे? हात वर करा. राहू द्या, माझ्या पोरालाही नाही.

आता हे सगळं वाचून मी तिकडची आरती ओवाळत नाही. ही पुस्तकं बाजारात विकली जातात, बाजार त्यातली धग मोजूनच घेतो. ॲलेक्सीचं आणि थॉमसचं पुस्तक शाळेच्या लायब्रऱ्यांतून काढायला पालकांच्या झुंडी आल्या. आणि 2014 साली, मरायच्या काही महिने आधी, मायर्सनं लिहिलं की आदल्या वर्षीच्या बत्तीसशे मुलांच्या पुस्तकांत काळ्यांविषयीची फक्त 93. लॅरिकबाईच्या लेखाला तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती! म्हणजे तिथंही दार कुणी उघडून दिलेलं नाही. ढकलावं लागतंय.

पण त्यांनी मोजलं. आपण मोजू या. मागच्या रविवारी पोरांनी हे कपाट रिकामं केलं. परीकथा आल्या, राजे आले, पुण्यातले चतुर पोरगे आले, आजोळच्या आमराया आल्या. वाईट पुस्तकं नाहीत ती, मीही त्यातली काही हसत हसत वाचलीत. पण ज्या पोराला आमराईत शिरल्यावर दगड बसला, त्याची गोष्ट बोटांवर मोजण्याइतकी निघाली. आणि पोरीनं स्वतः सांगितलेली तर शोधून सापडली नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. एक, दर रविवारी पाच वाजता ह्या पाच पुस्तकांतल्या एकेकाची गोष्ट इथं मराठीत, आपल्या मराठीत, तोंडी सांगायची. 'पानी' म्हणून सांगितली तरी चालेल. दोन, दर महिन्याला एक निबंध. विषय पोरांनी ठरवायचा, मार्क नाहीत, शुद्धलेखन नंतर. तीन, जे लिहिलं जाईल ते ह्या मासिकात छापायचं. आम्हा मोठ्यांच्या दोन कविता कमी झाल्या तर जग बुडत नाही. आणि चार, मुली आठ वाजता घरी जातात म्हणून बैठक आठच्या आत संपवायची. नाहीतर लिहिणार पुन्हा आम्हीच.

ज्या पोरीनं मला तो प्रश्न विचारला ती मागं दाराशी बसली आहे. पोरी, तुझं पुस्तक कपाटात नाही. मी महिनाभर शोधलं. जवळपासची पाच सापडली, ती घे. सहावं मला लिहिता येणार नाही, मी आता मोठा झालोय. वही अभ्यासिका देईल.

जयभीम.