शर्यतीचा खोंड दावणीला येण्याआधी

सुगी आटोपते, गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि घरातली पुरुषमंडळी एकच विषय काढतात, "औंदा शर्यतीचा खोंड घ्यायचाच." आज आपण त्याच खोंडाविषयी बोलणार आहोत. कारण खोंड बाजारातून आणतात पुरुष, पण त्याची वैरण, पाणी आणि शेण आपल्या वाट्याला येतं. कधी कधी तर त्याच्यासाठी बचत गटातून काढलेलं कर्जसुद्धा आपल्याच नावावर असतं.

परदेशात हौशी माणसं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी जपतात आणि शर्यतीत पळवतात. आपल्या सातारा-सांगलीची जुनी शर्यतीची गाडी म्हणजे छकडा, आणि तिचं इंजिन म्हणजे खिलार. या जातीच्या दोन प्रकारांची नावंच आपल्या मातीतली आहेत, एक आटपाडी महाल आणि दुसरा म्हसवड. कमी पाण्यात, कोरड्या वैरणीवर तग धरणारं आणि चपळ असं हे जनावर. खिलार गाय दूध थोडं देते, आणि शेतात आता ट्रॅक्टर आला. त्यामुळे आज खिलार खोंडाला मोल आहे ते मुख्यतः शर्यतीमुळे.

ही शर्यत मधे बंद होती, हे तुम्हाला आठवत असेल. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे गाड्या पळाल्या नाहीत. 16 डिसेंबर 2021 रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने हा कायदा योग्य ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव 1000 मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. काठी, चाबूक, विजेचा शॉक यांना बंदी आहे. विनापरवाना मैदानात बैल उतरवला तर खटला घरावर येतो, हे ध्यानात ठेवा.

आता खोंड कसा निवडायचा ते बघू. खरसुंडीच्या यात्रेत किंवा पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत गेलात, तर शिंगं आणि रंग बघून भुलू नका. आधी तोंड उघडून दात बघायला सांगा. दुधाचे दात असलेला तो आदत. दोन पक्के दात आलेला दुसा, तो साधारण दोन-अडीच वर्षांचा असतो. चार दातांचा चौसा. आदत, दुसा असे गट मैदानातही असतात, म्हणून दात बघून वय ठरवायचं. सांगितलेल्या वयावर विसंबू नका.

मग पाय बघा. खोंड कडक जमिनीवर चालवून घ्या. लंगडतो का, मागचे पाय एकमेकांना घासतात का, खूर घट्ट आणि काळे आहेत का, हे बघा. थोडा पळवून आणायला सांगा आणि त्याचा दम किती वेळात बसतो ते पाहा. खांद्यावर जुनी जखम किंवा सूज आहे का, हात फिरवून बघा. कानातल्या बिल्ल्यावरचा 12 अंकी नंबर टिपून घ्या. लाळ्या खुरकूत आणि लम्पीची लस दिली का ते विचारा. पैसे मोजण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वभाव. घरधनी मैदानाला किंवा कामाला गेला की गोठ्यात जाणार कोण? आपण, सासूबाई, शाळेतनं आलेली पोरं. मारका खोंड कितीही पळणारा असला तरी तो आपल्या दावणीला नको. बाईच्या हातचं पाणी पितो का, हे बाजारातच बघितलं पाहिजे. त्यासाठी बाईनं बाजारात गेलं पाहिजे. आम्ही तर म्हणतो, हक्कानं जा.

आता हिशोब. वैरण, पेंड, भरडा मिळून रोजचे 150 रुपये धरले तरी वर्षाला 54,750 रुपये होतात. त्यावर टेम्पोभाडं, प्रवेश फी, औषधपाणी वेगळं. पैऱ्याला दुसऱ्याचा बैल घेतला असेल तर बक्षिसातही वाटा पडतो. मैदानात ट्रॅक्टर, मोटारसायकल, अगदी थार गाडीसुद्धा बक्षिसाला लागलेली आपण ऐकतो. पण फायनलला पहिला येणारा एकच असतो, आणि बहुतेक गाड्या रिकाम्या हाताने घरी येतात. म्हणून बक्षीस उत्पन्नात धरून कर्ज काढू नका.

गटात असा अर्ज आला तर बाईला तीन गोष्टी विचारा. खोंड एकदाही जिंकला नाही तर हप्ता कशातून भरणार? विमा काढणार का? पाय अधू झाला तर त्याला घरी सांभाळणार का? या तिन्हींची उत्तरं घरधन्यासमोर घ्या. उत्तर नसेल तर अर्ज थांबवा. त्यात बाईचा अपमान नाही, तिच्या नावाची पत राखणं आहे.

हौस मारायची असं आमचं म्हणणं नाही. एक स्वस्त वाट आहे. घरी चांगल्या वंशाची खिलार गाय ठेवा आणि तिचा खोंड वाढवा. त्याची आई ठाऊक, बाप ठाऊक, लहानपणापासून तो आपल्या हाताला सवयीचा. पळाला तर मैदान गाजवेल. नाही पळाला तरी कर्ज नसेल, आणि शेणखत शेताला मिळेल.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा घरात खोंडाचा विषय निघाला की चहा ठेवायला आत जाऊ नका. तिथंच बसा, दात, पाय, स्वभाव आणि हप्ता यांचं विचारा, आणि पटलं तरच अंगठा किंवा सही करा.