लग्नाला नऊशे माणसं, कागदावर एकही नाही

दुपारची भांडी आवरली असतील, नसतील आवरली तर राहू द्या, थोडा वेळ बसा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, आणि एक सून मागं थांबली. तिचं नाव आणि गाव सांगत नाही. नवरा जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात कामाला. म्हणाली, "ताई, तिकडं राहायला जायचं तर अर्ज करायचाय. लग्न झाल्याचा पुरावा मागतात." मला हसूच आलं. म्हटलं, अगं, नऊशे माणसं जेवली तुझ्या लग्नात, मी स्वतः मठ्ठा वाढत होते. ती शांतपणे म्हणाली, "मग ते कुठं लिहिलंय का?"

लिहिलेलं कुठंच नव्हतं. पुढचे कित्येक महिने आम्ही दोघी ते कागद गोळा करत होतो. त्यातून जे कळलं ते आज सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राचा आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून आपल्याकडची पोरं आणि नर्सिंग झालेल्या पोरीही जर्मन शिकताना दिसतात. बायको आधी गेली आणि नवरा मागून निघाला, असंही होणार आहे. कागद दोघांना सारखेच लागतात.

पहिला कागद म्हणजे विवाह नोंदणी दाखला. लग्नपत्रिका, अल्बम, व्हिडिओ हे सगळं त्याच्यानंतर. आपल्या राज्यात यासाठी १९९८ चा कायदा आहे, आणि सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद व्हावी असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलंय. गावात ही नोंद ग्रामसेवक करतात, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्ज नमुना 'ड' मध्ये भरायचा, वधूवर आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पत्रिका आणि फोटो जोडायचे. नव्वद दिवसांच्या आत केलं तर सोपं, नंतर विलंबाचा आकार पडतो. पण नोंद नंतरही होते, हे लक्षात ठेवा. नवरा तिकडं गेल्यावर त्याची सही आणायची कशी, ही खरी अडचण. म्हणून हळद उतरायच्या आत हे काम करा. आमच्या सुनेला नवरा सुट्टीवर येईपर्यंत पाच महिने थांबावं लागलं.

आता नावाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. बाईचं नाव आपल्याकडं एका जन्मात तीनदा बदलतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. समजा शाळेच्या दाखल्यावर मनीषा आणि पुढं वडिलांचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात सासरचं नाव लिहिलं, मानसी. पत्रिकेत चि. सौ. कां. मनू. आधारवर मानसी आणि नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर मनीषा आणि बापाचं. आपल्याला माहीत आहे की ही एकच बाई आहे. वकिलातीतल्या माणसाच्या पुढ्यात मात्र तीन बाया उभ्या असतात, आणि लग्न नक्की कुणाशी झालं हे त्यानं ओळखायचं!

यावर उपाय आहे. सगळे कागद एका सतरंजीवर मांडा आणि पासपोर्टवरचं नाव अक्षराला अक्षर लावून प्रत्येकाशी ताडून पाहा, इंग्रजी स्पेलिंगसकट. एक 'ए' कमी-जास्त असला तरी खूण करा. नाव खरंच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल छापून घेता येतो. किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करतात, पण ज्या देशात जायचंय तिथं ते चालतं का हे आधी विचारा. आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर लग्नात नाव बदलूच नका. माझं बदललेलं आहे, म्हणून अनुभवानं सांगते.

आपल्या जिल्ह्याचं एक वेगळंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पासपोर्टवर जन्मस्थळ जुनं, नव्या दाखल्यावर जिल्हा नवा. परक्या देशातल्या कारकुनाला ही दोन शहरं वाटली तर त्याचा काय दोष? अर्जासोबत दोन ओळींचा खुलासा आणि शासनाच्या अधिसूचनेची प्रत लावा. जुने कागद उगाच बदलत बसू नका.

भाषांतर करून घ्याल तेव्हा ते स्वतः वाचून घ्या, भाषा येत नसली तरी तारखा आणि नावं तर वाचता येतात. आमच्या सुनेच्या दाखल्यावर लग्नाची तारीख मे महिन्याची आणि नोंदणीची दीड वर्षानंतरची. भाषांतर करणाऱ्यानं नोंदणीची तारीखच लग्नाची म्हणून लिहिली. त्या हिशेबानं लग्नाआधीच दीड वर्षं ती सासरी नांदत होती! आम्हाला ते रात्री साडेदहाला, गॅसजवळ उभ्या उभ्या वाचताना दिसलं. सकाळी गेलं असतं तर तसंच गेलं असतं. शिक्क्यांचंही तसंच. अपोस्टिल नावाचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असतो, भारत त्या करारात २००५ पासून आहे. पण प्रत्येक देश आपला शिक्का मानतोच असं नाही, आणि संयुक्त अरब अमिरातीची साक्षांकनाची साखळी तर वेगळीच. एजंट सांगतो म्हणून पैसे भरू नका, त्या देशाच्या वकिलातीची यादी काढून बघा.

दाखला झाला म्हणजे लग्न लागल्याचं सिद्ध झालं. लग्न चालू आहे, हे निराळं सिद्ध करावं लागतं. खोटी लग्नं लावून माणसं नेतात म्हणून ते तपासतात. आता आपल्या सुनेचं बघा. कांदेपोहे झाले, सहा आठवड्यांत लग्न, तीन आठवडे एकत्र, मग तो विमानात. हे त्यांना विचित्र वाटू शकतं. मग ते लपवायचं का? मुळीच नाही. आम्ही एका पानावर सरळ लिहिलं: स्थळ कुणी आणलं, कुठं बघितलं, कधी ठरलं, तो कधी गेला, कधी आला. प्रत्येक वाक्यासमोर त्याचा कागद. तो आला त्याची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के. फोटो सहाशे नाही, अठरा निवडले. सप्तपदीचा, दोन्ही घरच्यांसोबतचा, पुढच्या दिवाळीचा, मागं तारीख आणि ठिकाण लिहून. रेशनकार्डात सासरी चढवलेलं नाव. फोनवरच्या गप्पा सगळ्या छापायच्या नसतात हो, ती म्हणत होती मी लाजेनं मरेन. महिन्याला एखादं पान पुरतं, आणि कुठलं द्यायचं ते तिनं ठरवायचं.

एका जागी मात्र आम्ही अडलो. नवरा दर महिन्याला पैसे पाठवत होता, पण सासऱ्यांच्या खात्यावर. घर त्यावरच चालायचं. पण कागदावर तो मुलगा बापाला पैसे देत होता, नवरा बायकोला नाही. बँकेच्या दोन वर्षांच्या उताऱ्यात ती कुठंच नव्हती. तिचं स्वतःचं खातं होतं ते आपल्या गटामुळं, त्यात फक्त बचतीचे दोनशे. मी सासूबाईंशी बोलले. म्हटलं, काकू, सगळे नकोत, थोडे तिच्या खात्यावर येऊ द्या. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं, तिचं तिला हवंच."

परक्या देशानं आपलं लग्न मोजायची ही पहिली वेळ नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत बाई मरियम नावाची बाई नवऱ्याकडं निघाली होती. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीनं न झालेलं, नोंद नसलेलं लग्न तिथला कायदा धरत नाही. एका निकालानं तिथल्या हजारो हिंदी बायका कायद्यापुढं बायका उरल्या नाहीत. कस्तुरबा तुरुंगात गेल्या त्या याच लढ्यात, आणि १९१४ च्या कायद्यानं ती लग्नं मान्य झाली.

एजंटांबद्दल एकच सांगते. आमच्या सुनेला एकानं विचारलं होतं, एकत्र राहिल्याचा भाडेकरार बनवून देऊ का? नाही म्हणा. वकिलात कागदांची पडताळणी करू शकते, गावातही चौकशी होऊ शकते. तीन आठवडे राहिलो हे खरं सांगितलं तर चालून जाईल, एक खोटा करार सापडला तर खरे सगळे कागद बुडतात.

आणि ही फाइल करताना एक प्रत स्वतःकडं ठेवा, माहेरी ठेवली तर आणखी बरं. त्यात त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची प्रत, कंपनीचं नाव, तिकडचा पत्ता असू द्या. बोलायला बरं वाटत नाही, पण तिकडं गेलेला प्रत्येक जण बायकोला बोलावतोच असं नाही. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीय कक्ष आहे. तिथं गेलात तरी पहिला प्रश्न तोच, लग्नाचा पुरावा काय? आमच्या सुनेला मी हे सांगितलं तेव्हा ती रागावली होती. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती काढून आणल्या.

अर्ज मुंबईला देऊन झालाय. तिथं केंद्रात कागद फक्त घेतात, निर्णय वकिलात करते, आणि त्याआधी जर्मनीतल्या नवऱ्याच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयालाही विचारतात. तिकडं पोचल्यावर राहण्याचा परवाना तेच कार्यालय देतं. वेळ लागतो. ती मंगळवारी बैठकीला येते, रजिस्टरवर सही करते, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनं. आता गटातल्या आणखी सहा जणींनी ग्रामपंचायतीतून नमुना 'ड' आणलाय. त्यातल्या एकीच्या लग्नाला एकवीस वर्षं झालीत, तिचा नवरा इथंच, आमच्याच चौकात पंक्चर काढतो.