किल्ली आपल्या कनवटीला



चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली गृहिणी. औषधांतले मला काय कळणार? पण घरातल्या दुखण्यांची उस्तवार आपणच करतो, दवाखान्याच्या रांगेत आपणच उभ्या असतो. तेवढ्या अधिकाराने बोलते.

पूर्वी वैद्य नाडी पाहून औषध देत. आता रक्ताच्या थेंबावरून ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा हिशेब निघतो. आपल्या तालुक्याचेच पाहा. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा व भिल्ल भगिनींची गावे आहेत. या समाजांत सिकलसेल अधिक आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकते, रक्त कमी होते. नुसता वाहक असलेला माणूस सहसा धडधाकट असतो. पण आईबाप दोघेही वाहक असले, तर दर गरोदरपणी मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्ड द्यायचे, असे तिने ठरवले.

ही तपासणी चांगलीच आहे. ती टाळू नये. पण विश्वास डोळस असावा. सुरुवातीच्या साध्या चाचणीत रक्तात दोष आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे पुढच्या चाचणीनेच ठरते. गोळीची मात्राही वजन पाहून व मधूनमधून रक्त तपासून ठरवावी लागते. तेव्हा “ही कोणती चाचणी? पुढची झाली का?” असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईच्या मुलीचा असा निकाल तिच्या हाती पडण्याआधी भावाच्या फोनवर आला. तिथून तो सोयरिकीच्या माणसांत गेला. ती नुसती वाहक होती. लग्नाआधी मुलाचेही रक्त तपासावे, एवढाच त्याचा अर्थ. पण सोयरीक मोडली, आणि मुलीला त्या कागदाचा अर्थ सर्वांत शेवटी कळला!

भगिनींनो, आता ‘आभा’ नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक निघाला आहे. ज्या योजनेत तो मिळतो ती २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झाली. गावोगावचे कागद त्याला जोडता येतात, फायलींचे ओझे वाचते. तो काढणे ऐच्छिक आहे, आणि आपल्या संमतीवाचून कागद दुसऱ्याला दाखवायचे नाहीत, असा नियम आहे. नियम उत्तम. पण खात्री करण्याचे आकडे ज्या फोनवर येतात तो फोन कुणाचा? बहुतेक घरांत यजमानांचा, नाहीतर मुलाचा. मग ‘हो’ कोण म्हणाले?

२००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका बाईंचा खटला होता. तपासणीसाठी त्यांना भूल दिली होती. तेवढ्यात बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचे गर्भाशय काढून टाकले. न्यायालयाने सांगितले, जिवावर बेतलेले नसताना जाणत्या स्त्रीच्या वतीने आईचीही संमती चालत नाही. जन्मदात्या आईची चालत नाही, तर फोनच्या मालकाची कशी चालावी?

यात घरच्या माणसांवर अविश्वास नाही. दागिन्यांच्या डब्याची किल्ली आपण कनवटीला लावतो, म्हणून घरात कोणी चोर ठरत नाही. तसेच हे. शक्य तर नोंदीला आपला स्वतःचा नंबर द्यावा. तो नसेल तर आलेले आकडे सांगण्याआधी कशासाठी हवेत ते विचारावे. निकालावर आपले नाव व वय बरोबर आहे का, हे पाहावे. वाचता येत नसेल तर शेजारणीला सोबत न्यावे. मंडळातल्या लिहित्या-वाचत्या भगिनींनी हे काम वाटून घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

देह आपला, दुखणे आपले. तेव्हा होकारही आपलाच असावा.